नोमोडसेट काढून टाकेपर्यंत

लिनक्स टाकलेलं मशीन सुरू केलं, ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू दिसला, एंटर दाबलं आणि पडदा काळा झाला, की जो तो एकच सांगतो: सुरू होतानाच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द लिही. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. पुढचा अर्धा भाग कुणी सांगत नाही, म्हणून कितीतरी धडधाकट मशीन वर्षानुवर्षं पसरट, धुरकट अक्षरांत रखडत राहतात. तासगावच्या एका वाचनालयात हे काम मुळापर्यंत जाऊन करायची संधी मला मिळाली. ते सगळं सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे मला कुठे सापडलं नव्हतं.

वाचनालय लहान, क वर्गातलं. तिथली ग्रंथपाल माझी आत्या. तिच्या जुन्या संगणकानं मान टाकली, तेव्हा एका वाचकानं आपल्या कार्यालयातून निघालेला छोटा डेस्कटॉप वाचनालयाला भेट दिला. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी आणि मराठी टायपिंग एवढंच काम असताना नवं मशीन घ्यायला सांगणं माझ्या जिवावर आलं. म्हणून सांगलीहून पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन गेलो.

अडचण मॉनिटरपाशी होती. तो वाचनालयाचा जुनाच, १९ इंची, १४४०×९०० चा, आणि त्याला निळं व्हीजीए तोंड एवढंच. डेस्कटॉपला फक्त एचडीएमआय. मध्ये बाजारात सर्रास मिळतो तसला एक कन्व्हर्टर. पेनड्राइव्हवरून मिंट साध्या पर्यायानं सुरू होईना, मेनूतल्या कम्पॅटिबिलिटी मोडनं मात्र झालं, आणि इन्स्टॉलेशनही त्यातच पार पडलं. हार्ड डिस्कवरून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा अर्थातच पडदा काळा.

आत्या शेजारीच उभी होती. “गेलं का रे हे पण?”

“नाही आत्या, मशीन चालू आहे. कॅप्स लॉक दाबून बघ.”

तिनं दाबलं, कीबोर्डवरचा दिवा लागला. परत दाबलं, विझला. मशीन जिवंत आहे की नाही हे ओळखायला एवढं पुरतं. दुसरी खूण मॉनिटरच देत होता. काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडे सरकत होती: ‘इनपुट नॉट सपोर्टेड’. लोक हा संदेश आणि ‘नो सिग्नल’ एकच समजतात. दोन्हींत फार फरक आहे. ‘नो सिग्नल’ म्हणजे केबलमधून काहीच येत नाही. ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ म्हणजे चित्र येतंय, पण ते मला झेपत नाही, असं मॉनिटर म्हणतोय. केबल हलवून बघणं, रॅम काढून पुसणं यात इथे वेळ घालवायचा नाही, हे त्या तीन शब्दांवरूनच ठरलं.

मग ग्रब तेवढा नीट का दिसत होता? कारण ग्रबचा पडदा आणि लिनक्सचा पडदा वेगवेगळे हात सांभाळतात. ग्रब स्वतः ग्राफिक्स चिपला हात लावत नाही. मदरबोर्डच्या फर्मवेअरनं, म्हणजे त्यातच बसवलेल्या प्रोग्रॅमनं, जो पडदा तयार ठेवलाय, त्यावरच तो लिहितो. आमच्या मशीनवर तो ८००×६०० चा होता, मोठ्या मोठ्या अक्षरांचा. एंटर दाबलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो आणि चिपचा खरा ड्रायव्हर सुरू होतो. इंटेलसाठी तो आय-९१५, एएमडीसाठी एएमडी-जीपीयू किंवा जुना रेडिऑन, एनव्हिडियासाठी नुव्हो. हा ड्रायव्हर पडद्याचं रेझोल्यूशन नव्यानं ठरवतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात, आणि इंटेल चिपसाठी ते २००९ साली आलेल्या २.६.२९ कर्नलमध्ये आलं. त्याआधी हे काम एक्स सर्व्हर, म्हणजे खिडक्यांचा पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम, करायचा. पडदा काळा होतो तो बहुतेक वेळा याच हस्तांतराच्या क्षणी.

नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की फर्मवेअरनं दिलेला पडदा आहे तसाच वापर, खरा ड्रायव्हर सुरू करू नकोस.

तो लिहायची पद्धत मला ग्रबची सगळ्यात मोठी माया वाटते. मेनूत हव्या त्या ओळीवर थांबून ‘ई’ ही कळ दाबायची. मेनू दिसतच नसेल, तर बायोस हे जुनं फर्मवेअर असलेल्या मशीनवर सुरू होताना शिफ्ट धरून ठेवायची आणि यूईएफआय हे नवं फर्मवेअर असलेल्या मशीनवर एस्केप टिचकीसारखी दाबायची. एस्केप जास्त वेळा लागली तर मेनूऐवजी नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट येतो. तिथे नॉर्मल हा शब्द टाइप करून एंटर मारावं. ‘ई’ दाबल्यावर जो मजकूर उघडतो, त्यात लिनक्स या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची. तिच्या शेवटी क्वाएट स्प्लॅश असतं. त्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहायचं आणि एफ-१० दाबायचं. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. काही बिघडलं तर बंद करून पुन्हा चालू करायचं, की सगळं पहिल्यासारखं. नवख्या माणसानं इथे बिनधास्त हात चालवावा.

डेस्कटॉप दिसला. आत्यानं चष्मा सारखा करून यादी उघडली आणि म्हणाली, “अरे, हे ‘विद्या’ आहे का ‘विध्या’, कळेना की.”

तिचं बरोबर होतं. नोमोडसेटमध्ये फर्मवेअरचं जे रेझोल्यूशन असेल तेच मिळतं, आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दुसरा पर्यायच दिसत नाही. कमी ठिपक्यांचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलं होतं. इंग्रजी अक्षरं त्यात तग धरतात, देवनागरी धरत नाही. ‘द्य’ आणि ‘ध्य’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतली बारीक रेघच नाहीशी होते. ज्या मशीनवर दिवसभर पुस्तकांची आणि लेखकांची नावं टाइप करायची आहेत, तिथे हे चालणारच नाही. शिवाय ग्राफिक्स चिप बाजूला पडल्यामुळे पडद्यावरचा ठिपका न् ठिपका प्रोसेसर रंगवत होता. खिडकी सरकवली की ती मागून रांगत यायची आणि पंखा घोंघावायचा. मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपनं तर कोपऱ्यात सूचनाच दिली होती, की हार्डवेअर अॅक्सिलरेशनशिवाय काम चाललंय.

नोमोडसेट ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा टाकून मला तिथून निघता आलं असतं. बहुतेक ठिकाणी असंच होतं. पण माझ्या मते नोमोडसेट हा आत शिरायचा दरवाजा आहे, राहायची जागा नव्हे. आत शिरायला मिळालं, तर आता खऱ्या ड्रायव्हरला नेमकं काय खटकतंय ते बघायचं.

इथे एक पेच आहे. नोमोडसेटमध्ये खरा ड्रायव्हर चालूच नसतो, त्यामुळे त्याला मॉनिटरकडून काय माहिती मिळते हेही बघता येत नाही. आणि ड्रायव्हर चालू केला तर पडदा काळा. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या संगणकावरून आत येता यावं यासाठी एसएसएच सर्व्हर इन्स्टॉल केला, मशीनचा आयपी पत्ता लिहून घेतला आणि नोमोडसेटशिवाय रीस्टार्ट केलं. मॉनिटरवर पुन्हा ती सरकती चौकट. पण त्याच राउटरवर जोडलेल्या माझ्या लॅपटॉपवरून मी मशीनच्या आत होतो. एलएसपीसीआय या आज्ञेला ‘-के’ जोडून चालवलं तर आय-९१५ वापरात असल्याचं दिसलं. कर्नलच्या नोंदींत एकही खरी चूक नव्हती. ड्रायव्हरच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं, तो १९२०×१०८० चं चित्र मन लावून पाठवत होता. मॉनिटर १४४०×९०० चा!

मग हा आकडा त्याला कुणी सांगितला?

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात ईडीआयडी नावाची छोटी नोंद असते. मी कोण, माझी लांबीरुंदी किती, मला कुठली रेझोल्यूशन झेपतात, हे सगळं अवघ्या १२८ बाइटमध्ये. व्हेसा या संस्थेनं १९९४ साली हे प्रमाण ठरवलं. व्हीजीए केबलमध्ये ती नोंद १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून वाचली जाते. आमच्याकडे मध्ये कन्व्हर्टर होता. एचडीएमआयमधून येतं ते डिजिटल, मॉनिटरला हवं ते अॅनालॉग, त्यामुळे कन्व्हर्टरमध्ये एक चिप असते. चांगला कन्व्हर्टर मॉनिटरची नोंद मशीनपर्यंत पोचवतो. आमचा स्वतःचीच तयार नोंद पुढे करत होता. सिस फोल्डरात, क्लासमधल्या डीआरएम फोल्डरात प्रत्येक तोंडाचा एक फोल्डर असतो आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल. ती ईडीआयडी-डीकोड या साधनातून काढून वाचली, तर त्यात आमच्या मॉनिटरचं नावगावसुद्धा नव्हतं. पहिली पसंती १९२०×१०८०. म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके. आमच्या मॉनिटरला १४४०×९०० साठी लागतात १० कोटी ६५ लाख. ड्रायव्हर निर्दोष होता, मॉनिटरही. दोघांच्या मधला दुभाष्या स्वतःच्या मनचं सांगत होता.

आता ग्रबमधून कर्नलला खरं सांगायचं. त्यासाठी व्हिडिओ नावाचा पर्याय आहे. व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, तोंडाचं नाव, विसर्गासारखी दोन टिंबं, मग १४४०, लहान एक्स, ९००, आणि शेवटी अॅट-द-रेट ६०. तोंडाचं नाव कर्नलच्या भाषेतलं हवं. आमच्याकडे ते एचडीएमआय-ए-१ होतं. एक्सरँडर ही आज्ञा हेच तोंड एचडीएमआय-१ असं दाखवते, मधला ‘ए’ गाळून. तिथून उतरवून घेतलं तर कर्नल ते मुकाट्यानं सोडून देतो, तक्रारही करत नाही. नाव घ्यायचं ते सिसमधल्या त्या फोल्डराच्या नावातूनच. तिथे पुढे कार्ड-० किंवा कार्ड-१ असं असतं, ते वगळायचं.

पुन्हा ‘ई’ दाबून हा पर्याय लिहिला आणि क्वाएट स्प्लॅश काढून टाकलं, म्हणजे सुरू होतानाच्या ओळी डोळ्यांना दिसाव्यात. एफ-१० दाबलं. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या, टोकदार, स्वच्छ, पडदाभर. आत्या म्हणाली, “आलं की!” आणि लॉगिनचा पडदा यायच्या क्षणी पुन्हा तीच चौकट.

हे अपेक्षेबाहेरचं नव्हतं. व्हिडिओ हा पर्याय कर्नलच्या कन्सोलसाठी रेझोल्यूशन ठरवतो आणि यादीत एक पर्याय वाढवतो. पण कन्व्हर्टरची खोटी नोंद जागच्या जागी राहते. एक्स सर्व्हर आला की तो नोंदीतली पहिली पसंती बघतो आणि १९२०×१०८० कडेच धावतो. कुठलीच नोंद मिळत नसलेल्या मॉनिटरसाठी हा पर्याय उत्तम. चुकीची नोंद मिळत असेल तर नोंदच बदलावी लागते.

तीही सोय कर्नलमध्ये आहे. डीआरएम-टिंब-ईडीआयडी-अंडरस्कोर-फर्मवेअर या पर्यायानं सांगता येतं की या तोंडावर समोरून येणारी नोंद सोड, मी दिलेल्या फाइलमधली वाच. जुन्या लेखांमध्ये याच पर्यायाच्या सुरुवातीला डीआरएम-केएमएस-हेल्पर असतं, ते आता लिहू नये.

फाइल हवी ती आमच्या मॉनिटरचीच. माझ्या जुन्या लॅपटॉपला व्हीजीए तोंड आहे. मॉनिटर कन्व्हर्टर न लावता थेट त्याला जोडला, आणि चित्र पहिल्याच फटक्यात १४४०×९०० मध्ये आलं. लॅपटॉपवरच्या लिनक्समधून व्हीजीए-१ च्या फोल्डरातली ईडीआयडी फाइल कॅट या आज्ञेनं बाहेर काढली. मूळ जागी ती शून्य बाइटची दिसते, त्यानं गोंधळू नये. बाहेर काढली की बरोबर १२८ बाइट भरतात. ईडीआयडी-डीकोडमध्ये मॉनिटरचं नाव, १४४०×९०० ची पसंती, सगळं जसंच्या तसं. आणि एक ओळ अशी, जिच्यावर मी थांबलो: अॅनालॉग डिस्प्ले.

ही नोंद व्हीजीए तोंडावरून घेतलेली, म्हणून तिनं स्वतःला अॅनालॉग म्हणवणं साहजिक आहे. पण ती द्यायची आहे एचडीएमआय तोंडाला, आणि इंटेलचा ड्रायव्हर एचडीएमआयवर नोंद डिजिटल आहे की नाही हे तपासतो. नसेल तर तिथे काही जोडलेलंच नाही असं धरतो. म्हणून नोंदीत एक बारीक दुरुस्ती करावी लागली. बाइट मोजायचे शून्यापासून. २० क्रमांकाच्या बाइटमधला सगळ्यात वरचा बिट डिजिटल-अॅनालॉग ठरवतो. आमच्या फाइलमध्ये तिथे १४ होतं, ते बाइट बदलता येणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये १२८ केलं (हे आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीतले). शेवटचा, म्हणजे १२७ क्रमांकाचा बाइट हा ताळा असतो. सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ नं निःशेष भागली गेली पाहिजे, नाहीतर कर्नल ती नोंद फेटाळतो. एक बाइट ११४ नं वाढला, तेव्हा शेवटच्या बाइटमधून ११४ वजा केले. पुन्हा ईडीआयडी-डीकोडमधून काढलं: डिजिटल डिस्प्ले, ताळा बरोबर. मॉनिटरमध्ये यातलं काहीही लिहिलं जात नाही, दुरुस्ती फक्त आपल्या प्रतीत आहे. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

ती फाइल लिब-फर्मवेअरच्या आत ईडीआयडी नावाचा फोल्डर करून ठेवली. काही वेळा ग्राफिक्स ड्रायव्हर मुख्य डिस्क उघडण्याच्या आधीच, इनिट्रॅमएफएस नावाच्या छोट्या सुरुवातीच्या गाठोड्यातून सुरू होतो. त्या क्षणी लिब-फर्मवेअर अजून हाती आलेलं नसतं. म्हणून ही फाइल त्या गाठोड्यातही जाईल अशी छोटी हूक स्क्रिप्ट इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या हूक्स फोल्डरात टाकली, तिला चालवायची परवानगी दिली आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवलं. हे एकदा केलं की पुढे कर्नल अपडेट झाला तरी फाइल आपोआप बरोबर जाते.

आधी पुन्हा तात्पुरतंच. ग्रबमध्ये ‘ई’, ओळीच्या शेवटी नवा पर्याय, एफ-१०. ओळी आल्या, मिंटचं बोधचिन्ह आलं, लॉगिनचा पडदा आला आणि तो राहिला. आत गेल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर स्वतःच्या नावानं हजर, १४४०×९००. सिनॅमनची ती सूचना नाही. खिडकी हाताबरोबर सरकते. आत्यानं पुन्हा तीच यादी उघडली आणि काही न बोलता टाइप करायला बसली.

तात्पुरतं चाललं, मगच कायमचं. ईटीसी फोल्डरात डीफॉल्ट फोल्डर, त्यात ग्रब नावाची फाइल. तिच्यातल्या सीएमडीलाइन-लिनक्स-डीफॉल्टच्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत क्वाएट स्प्लॅशनंतर हा पर्याय लिहिला. त्याच फाइलमध्ये जीएफएक्समोड असतो, तो ग्रबच्या स्वतःच्या मेनूचा आकार. तिथे कुठला आकार चालेल हे अंदाजानं ठरवू नये. ग्रबच्या मेनूत ‘सी’ दाबून व्हिडिओइन्फो अशी आज्ञा दिली की फर्मवेअरला येणारे सगळे आकार समोर येतात. आमच्या यादीत १०२४×७६८ होता, तो घातला. जीएफएक्सपेलोड-लिनक्सला कीप दिलं, म्हणजे ग्रब आपला पडदा त्याच आकारात कर्नलच्या हवाली करतो आणि मधली उघडझाप कमी होते. मेनू पाच सेकंद दिसेल असं ठेवलं. लपवलेला मेनू दिसायला सुबक असतो, पण अडचणीच्या वेळी तोच शोधत बसावं लागतं. शेवटी सुडो अपडेट-ग्रब. बूट फोल्डरातली ग्रब-सीएफजी ही फाइल थेट हातानं बदलू नये. ती या आज्ञेनं दर वेळी नव्यानं लिहिली जाते आणि आपले कष्ट पुसले जातात.

रीस्टार्ट करून प्रॉक फोल्डरातली सीएमडीलाइन फाइल वाचली. कर्नलला प्रत्यक्षात काय काय सांगितलं गेलं ते तिथे जसंच्या तसं असतं. त्यात आमचा पर्याय होता, आणि नोमोडसेट कुठेच नव्हता. तो पुन्हा लागलाच तर ग्रबमधल्या अॅडव्हान्स्ड पर्यायांच्या आत रिकव्हरी मोड आहे, त्यात तो आधीपासून घातलेला असतो. आत्याला तेवढा रस्ता दाखवून ठेवला.

एक गोष्ट राहते, आणि ती वाचनालयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. उद्या अनुदानातून नवा मॉनिटर आला, तर हे मशीन त्यालाही जुन्या मॉनिटरच्या नोंदीप्रमाणेच चित्र पाठवेल. १४४०×९०० च्या वर जाणार नाही, आणि नवा मॉनिटरच खराब निघाला असं लोक म्हणतील. म्हणून आत्यानं डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मॉनिटरच्या नोंदीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात तिच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं: ‘मॉनिटर अथवा कन्व्हर्टर बदलल्यास ग्रब फाइलमधील ईडीआयडी पर्याय काढून टाकणे व अपडेट-ग्रब चालविणे.’ खाली फाइलचा पूर्ण मार्ग आणि तारीख मी घातली.